शववाहिकेवरचा नवरदेव

शववाहिका चालवणाऱ्या माणसाला कुणी जेवायला बोलवत नाही. तोंडावर कुणी काही म्हणत नाही, पण तो सलूनमध्ये शिरला की शेजारच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी उठायच्या बेतात येतं. आमच्या चालकाची याबद्दल तक्रार नव्हती. "आपला पॅसेंजर भाड्यावरून भांडत नाही, एसी वाढव म्हणत नाही, रस्ता चुकला तर अक्कल शिकवत नाही," असं तो म्हणे. पण विनोद करायलाही समोर कुणीतरी लागतं. त्याच्या समोर असे ती फक्त बायको, आणि तिनं हा विनोद इतक्यांदा ऐकला होता की 'आपला पॅसेंजर' एवढं कानावर पडताच ती मिक्सर सुरू करायची.

इस्पितळाच्या मागच्या दाराशी गाडी लावून थांबणं हे त्याचं निम्मं काम. आत कागदपत्रं होईपर्यंत बाहेर करायचं काय? त्या रिकामपणात तो मोबाइलवरच्या लढाईच्या खेळात शिरला आणि तिथलाच होऊन गेला. तिघांची टोळी करायची, विमानातून एका बेटावर उड्या मारायच्या, दिसेल त्याला गोळ्या घालायच्या आणि आपला गडी पडला तर त्याला उचलून उभं करायचं, एवढंच त्या खेळाचं तत्त्वज्ञान. खेळ फुकट होता. कपडे मात्र विकत.

इथेच आमचा गडी घसरला. खेळातल्या दुकानात एक सोनेरी जरीचा कोट टांगलेला होता. खांद्यांवर मोरपिसं, पाठीवर उजेड, चाललं की मागे ठिणग्या. तो कोट घालून माणूस जास्त जोरात पळत नाही, की त्याचा नेम सुधारत नाही. उलट तो अख्ख्या बेटावरून दिसतो आणि पहिली गोळी त्यालाच बसते. म्हणजे पैसे मोजून मरायची सोय! बरं, दुकानात साधे पैसे चालत नाहीत. आधी त्यांचे हिरे करून घ्यायचे, आणि हिऱ्यांची पुडी अशी बेतलेली की कोट घेतल्यावर थोडे हिरे उरतातच. मग उरलेले वाया जाऊ नयेत म्हणून आणखी एक पुडी. भाजीवाल्यानं असा धंदा केला असता तर लोकांनी त्याची पाटी उलथवली असती. चालकानं निमूटपणे दोन्ही पुड्या घेतल्या.

बायकोला कळलं तेव्हा तिनं त्याच्या अंगातला, काखेत उसवलेला पांढरा शर्ट चिमटीत धरला.

"हा शिवून आणायला तुम्हाला सवड नाही, आणि तिकडे जरीचा कोट? हात तरी लावता येतो का त्याला?"

"दिसतो की."

"कुणाला?"

"सगळ्यांना," तो म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की हे अगदी खरं आहे. रस्त्यावर लोक त्याच्या गाडीकडे न बघण्याची शिकस्त करत. बेटावर मात्र तो उतरला की परकी पोरंसुद्धा थांबून बघत, मग गोळी घालत. आधी बघत, हे महत्त्वाचं.

टोळीतल्या दोघांनी त्याचं नाव नवरदेव ठेवलं. टोळीचा म्होरक्या कॅप्टन, त्याचं टायरचं दुकान होतं. दुसऱ्या मास्तरीणबाई, शिकवण्या घ्यायच्या आणि खेळताना अशा शिव्या द्यायच्या की पालकांनी ऐकल्या असत्या तर पोरं काढून घेतली असती. एकमेकांचे चेहरे कुणी पाहिले नव्हते. ओळख काय ती आवाजांची. धंदा विचारला तेव्हा चालकानं सांगितलं, "गाडी आहे. लांबची भाडी मारतो."

"परतीचं भाडं मिळतं का?" कॅप्टननं विचारलं होतं.

"नाही हो. परतताना रिकामीच."

सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर कॅप्टनच्या डोक्यात आलं की तिघंही एकाच गावातले आहेत तर घरी जेवायलाच भेटू. भेटलं की धंदा कळणार, आणि धंदा कळला की काय होतं ते चालकाला पाठ होतं. माणसं हसतात, घाईनं उठतात आणि परत फोन उचलत नाहीत. जगात त्याला हाक मारणारी जागा एकच होती, ती त्याला घालवायची नव्हती. त्यानं भाड्यांची सबब सांगून भेट लांबवली.

एका दुपारी ऐन लढाईत कॅप्टनचा माणूस बेटावर नुसता उभा राहिला. "आईला बघतो रे," एवढं म्हणून आवाज बंद झाला. थोड्या वेळानं चालकाला ऑफिसचा फोन आला, पत्ता मिळाला, तो निघाला. वयस्कर बाई, दुसरा मजला, लिफ्ट नाही.

दारात उभा असलेला ढेरपोट्या माणूस म्हणाला, "या. डावीकडून या."

हाच आवाज त्याला बेटावर रोज डावीकडून यायला सांगत होता. म्हणजे चालकाचाही आवाज तो ओळखणार. तोंड उघडलं की संपलं. मग या शहाण्यानं काय करावं? मुका झाला! हातानं खुणा केल्या, माना डोलावल्या, स्ट्रेचर उलगडलं. एक मामा हळहळलेसुद्धा, "अरेरे, बोलता येत नाही वाटतं बिचाऱ्याला."

जिन्याच्या वळणावर घोटाळा झाला. पुढचे दोघं नातेवाईक भलतीकडे वळले, स्ट्रेचर कलंडलं, आणि मागचं टोक धरलेला कॅप्टन रडता रडता पायरी चुकला. चालकाच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "कॅप्टन, मागे! मागे सरक, मी धरलंय!"

स्ट्रेचर सावरलं. कॅप्टन तिथेच थिजला.

"नवरदेव?"

चालकानं मान खाली घातली. बाकीच्यांना वाटलं, मुका बोलला म्हणून कॅप्टन थक्क झालाय.

गाडीत कॅप्टन पुढे, त्याच्या शेजारी येऊन बसला. चालक मनातल्या मनात टोळीचा निरोप घेऊन बसला होता.

"आई माझ्या बाजूला बसून खेळ बघायची," कॅप्टन म्हणाला. "नजर अधू. खेळातली सगळी माणसं तिला सारखीच दिसायची. तू तेवढा दिसायचास. 'तो चमकणारा पडला बघ, त्याला उचल आधी,' म्हणून माझ्या मागे लागायची. मी किती डाव हरलो तुला उचलण्यापायी." त्यानं नाक पुसलं. "जेवायला बोलव त्याला, हे तिचंच चाललं होतं."

स्मशानात चालक नेहमी गाडीपाशी थांबतो. नातेवाइकांत जायची रीत नाही. मामांनी त्याला तसं सांगितलंही, पण कॅप्टननं त्याचं मनगट धरलं ते सोडलं नाही. पुढे नेऊन स्वतःच्या शेजारी उभं केलं. एवढी वर्षं त्यानं लोकांची माणसं वाहिली होती, डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. आज त्याला हुंदका आवरेना. जिवंतपणी कधी न पाहिलेल्या त्या म्हातारीसाठी तो सख्ख्यांपेक्षा मोठ्यानं रडला.

"हा कोण रे?" एका आत्यानं कॅप्टनला हळूच विचारलं. "एवढा रडतोय."

"आईच्या ओळखीचा," कॅप्टन म्हणाला.