साडूंचं अज्ञात कारण

कारणाशिवाय काही घडलेलं माझ्या साडूंना चालतच नाही. अमरावती ते अकोला या पट्ट्यात इतका चौकस माणूस दुसरा नसावा, आणि त्यांच्यासोबत फिरून माझ्याइतका दमलेला माणूसही दुसरा नसावा. बडनेऱ्याला गाडी पाच मिनिटं जास्त थांबली, की हे खाली उतरून गार्डला विचारून येणार. भाजी खारट झाली, तर मीठ कोणत्या चमच्यानं टाकलं आणि टाकताना कोणी हाक मारली होती का, इथवर चौकशी जाणार. नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत एका कापडाच्या कारखान्यात ते मशीनदुरुस्तीवर आहेत. "मशीन उगाच बंद पडत नसते, भाऊ," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, की एकदा वर्गात भूगोल शिकवता शिकवता माझ्याच तोंडून बाहेर पडलं. मी अकोल्यात शाळामास्तर. त्यांची बायको माझ्या बायकोची धाकटी बहीण. एवढ्याशा नात्यावर त्यांनी मला गेली बारा वर्षं दवाखान्यांच्या बाकांवर बसवलंय.

कारण लग्नानंतर चौथ्या वर्षी एका डॉक्टरांनी या माणसाला सांगितलं, की तुमच्या वीर्यात शुक्राणू फारच कमी आहेत. का कमी आहेत ते मात्र सापडत नाही. सोनोग्राफी चांगली, हार्मोन चांगले, कसलं व्यसन नाही. तसं त्यांनी कागदावर लिहूनही दिलं : कारण अज्ञात.

"कमी हायेत, ते समजलं," साडू म्हणाले. "पण काहून?"

"बऱ्याच पुरुषांमध्ये ते कळत नाही."

साडू उठले, बाहेर आले आणि मला म्हणाले, "यायनं मशीन खोलून पाह्यलीच नाही, भाऊ."

मग दुसरे डॉक्टर, तिसरे डॉक्टर, परतवाड्याचे एक वैद्य. प्रत्येकानं काही ना काही सांगितलं आणि साडूंनी ते सगळं पाळलं. उष्णता वाईट म्हणून गरम पाण्याची आंघोळ बंद. डिसेंबरात पहाटे हे गार पाणी ओतून घेताना जो आवाज काढत, त्यानं शेजारच्या म्हशी उठत. स्कूटरची सीट तापते म्हणून सायकल घेतली. सहा महिन्यांनी कुणी सांगितलं की सायकल स्कूटरहून वाईट, तेव्हा ती मला देऊन टाकली आणि चालत कारखान्यात जाऊ लागले. मोबाईल खिशात नको म्हणून गळ्यात पिशवी लटकली. पँट घट्ट नको म्हणून शिंप्याकडून अशा पँटी शिवून घेतल्या, की एकीत आम्ही दोघे साडू आरामात मावलो असतो. दर तीन महिन्यांनी तपासणी होई. आकडा तेवढाच राही. मी अकोल्याहून जाई, शेजारी बसे, चहा पाजे, परत येई. त्या काळात त्यांच्याबद्दल प्रेम वाटे की नुसता शीण, हे मला सांगता आलं नसतं.

पण एक गोष्ट त्यांनी पहिल्या दिवसापासून केली, आणि तिच्यासाठी त्यांना सगळं माफ आहे. आमच्याकडे एका पुतणीचं डोहाळजेवण होतं. बायका ओटी भरत होत्या. माझी मेहुणी ताट घेऊन पुढे झाली, तर एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी तिचा हात धरला. "तू राहू दे वं माय," त्या म्हणाल्या. मेहुणीनं ताट खाली ठेवलं. दारात उभे असलेले साडू चपलांसकट आत घुसले. पुरुष आलेला पाहून बायका पदर सावरू लागल्या.

"आत्याबाई, हिच्यात काही दोष नाही. दोष माह्यात हाय. रिपोर्ट दाखवू काय?" आणि पिशवीतून त्यांनी खरोखरच रिपोर्ट काढला. लॅमिनेशन केलेला. आत्याबाईंना वाचता येत नव्हतं, तर यांनी शेजारच्या बाईला मोठ्यानं वाचायला लावला. बिचारीनं शुक्राणूंचा आकडा तेवढा तोंडातल्या तोंडात वाचला. मेहुणीनं शेवटी ओटी भरली, पण हसावं की रडावं हे तिला कळत नव्हतं. त्यानंतर आमच्या नात्यात तिला कुणी काही बोललं नाही.

गेल्या वर्षी अमरावतीत नव्यानं आलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी जुने कागद पाहिले आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं झाली, जनुकांची तपासणी कुणी केली नाही?" रक्त घेतलं, ते बाहेरगावी पाठवलं. काही आठवड्यांनी त्यांनी आम्हाला बसवून सांगितलं, की मुलाला बापाकडून एक वाय गुणसूत्र मिळतं. शुक्राणू तयार व्हायला लागणारा त्याचा एक बारीक तुकडा साडूंच्या अंगात जन्मापासूनच नाही. पँटी, सायकल, गार पाणी यांचा काही संबंध नव्हता.

"सापडलं!" साडू एवढ्या जोरात ओरडले, की बाहेरची नर्स आत डोकावली. डोळे भरले होते त्यांचे. मग त्यांनी विचारलं, "दुरुस्त होते काय?"

"नाही. पण जे थोडे शुक्राणू आहेत त्यांच्यातून प्रयोगशाळेत गर्भ करून बघता येईल. मुलगी झाली तर तिला याचा त्रास नाही. मुलगा झाला तर त्याच्यात हाच दोष जाईल."

"माह्यात कुठून आला?"

"बहुतेकांमध्ये नव्यानंच होतो. कधी कधी वडिलांकडूनही येतो. त्यांचं रक्त तपासलं तर कळेल."

मनात म्हटलं, झालं, आता उद्या म्हातारबांना घेऊन पुन्हा याच बाकावर.

साडूंच्या घरी गेलो तेव्हा त्यांचे वडील घरामागच्या मळ्यात मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. सत्त्याहत्तर वर्षांचे, अबोल. बायकोला जाऊन सहा वर्षं झालेली. साडू उभ्या उभ्याच त्यांना सगळं सांगू लागले, आनंदानं, हातवारे करत. बापाकडून मुलाला, हे शब्द आले आणि म्हातारबांचे हात थांबले.

"म्हंजे हे माह्याकडून आलं काय?"

साडू माझ्याकडे बघू लागले.

"मले बी तू एकटाच झाला. लग्नाच्या नवव्या वर्षी. तोवर तुह्या मायले लय बोललो मी. माह्या मायनं तं तिले दोनदा माहेरी पाठवलं होतं." म्हातारबा मातीकडे बघत होते. "तिचा दोष नव्हता काय मंग?"

 साडू बापाशेजारी मातीत बसले. एक जुडी उचलून बांधू लागले.

"नाही बाबा. डॉक्टरीणबाई म्हणे, हे माह्यातच नव्यानं झालं. तुमचा काही संबंध नाही. इचारा भाऊले."

मी मान डोलावली.

स्टँडवर मला सोडायला आले तेव्हा मी विचारलं, "तपासणी करायची नाही?"

"नाही जी. आई तं गेली. आता कोणाले सांगू, तुहा दोष नव्हता म्हणून?" मग म्हणाले, "थकलो आता, भाऊ."

त्यांनी एकदा प्रयोगशाळेतला तो उपाय करून पाहिला. पंधरा दिवस मेहुणी जपून चालली. मग नाही म्हणून कळलं. दुसऱ्यांदा दोघांनीही विषय काढला नाही.

परवा मी सहज गेलो होतो. साडू ओट्यावर बसून माझ्या मुलींची चौकशी करत होते, कोणती कितवीत, कोणाला गणित जमतं. म्हातारबा मळ्यातून आले. सून घरात आल्यापासून ते तिच्याशी मुलामार्फतच बोलत, अशी त्यांची जुनी रीत. त्या दिवशी पाय धुऊन ते सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"सूनबाई, तू जेवली काय वं?"

आत भांड्यांचा आवाज थांबला.  "नाही, बाबा," मेहुणी आतून म्हणाली.

"मंग तुह्यं न् माह्यं, दोघांचं बी वाढ," म्हातारबा म्हणाले आणि उंबऱ्यापाशी भिंतीला टेकून बसले.