कच्च्या पोंकासाठी सुरत

नव्वदच्या दशकातल्या एका डिसेंबरात मी सुरतेला गेले, ती ज्वारीच्या दाण्यातलं मरण बघायला. दाणा भरताना आतल्या पिठाळ पेशी एकेक करून मरतात. इथिलीन हा वनस्पतीतला संप्रेरक वायू ते मरण लवकर आणतो का, यावर माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण उभं होतं. कॉलेजातला माझा प्लॉट पाखरांनी साफ केला. सर म्हणाले, "आता पुढच्या हंगामात." तोवर माझी शिष्यवृत्ती संपणार होती. सुरतेकडे हुरड्याची ज्वारी अजून उभी होती. निघाले.

अमळनेरहून सकाळची पॅसेंजर. खानदेशातून सुरतेच्या लिंबायत भागात जाणाऱ्यांनी सुरतपर्यंत बसू नये, उधन्याला उतरावं; पुढे शेअर रिक्षा मिळते. मावशी तिथंच राहते. हुरड्याला तिकडे पोंक म्हणतात, म्हणून 'पोंक आणून ठेव' असा निरोप मी आधीच दिला होता.

तिनं कौतुकानं टोपलीवरचं फडकं काढलं. हिरवे, कोवळे दाणे, आणि धुराचा वास. भाजलेले! आपल्याकडे शेतातल्या दाण्यालाही हुरडाच म्हणतात. सुरतेत पोंक म्हणजे निखाऱ्यातून निघालेला. त्यातली एकही पेशी जिवंत नव्हती.

"काय व माय, आवडना नही का?"

"छान आहे. पण मला जिवंत दाणा हवा."

"जित्ता? आते कोंबडीना मायक धरी आनू का?" कोंबडीसारखा पकडायला ती जणू निघालीच होती.

लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर आम्ही तो संपवला. तुम्हीही तसाच खा, गरम असतानाच.

सकाळी बसनं तापी ओलांडून एका शेतावर गेले. "बेन, काचो पोंक कोई नथी खातुं," शेतकरी म्हणाला. खायचा नाही, कणसं देठासकट बादलीत ठेवायची आहेत, असं मी सांगितलं.

"तो फूलदानीमां मूकशो?" तो हसला, पण विळा दिला.

अर्धी कणसं साध्या पाण्यात ठेवली. उरलेल्यांच्या पाण्यात इथ्रेल घातलं, केळी पिकवायला वापरतात ते. त्यातून इथिलीन सुटतो. दोन्ही बादल्या मावशीच्या गॅलरीत राहिल्या. चिमण्यांनी टिपू नये म्हणून तिनं वरून जुनी साडी बांधली आणि मी मरणाऱ्या पेशींचं सांगितल्यावर विचारलं,

"मंग आपन मरेल पेशी खातंस?"

"बहुतेक. पिकलेल्या दाण्यात कोंब आणि सालीखालचा पातळ थर तेवढा जिवंत असतो."

"तुना काकाले सांगू नको. जेवाव नही तो."

चौथ्या दिवशी कणसं ओल्या फडक्यात गुंडाळून परतले आणि थेट प्रयोगशाळेत गेले. दाण्याचे पातळ काप निळ्या रंगात बुडवले. जिवंत पेशी हा रंग आत घेत नाही, मेलेली घेते. साध्या पाण्यातल्या दाण्यांत निळे ठिपके विखुरलेले होते. इथ्रेलवाल्यांचा मधला भाग जवळजवळ सगळा निळा.

सरांनी बराच वेळ सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. "पुढच्या हंगामात..."

"पुन्हा करीन, सर. पण प्रकरण आत्ता लिहिते."

त्यांनी काचपट्टी बदलली, दुसरीही पाहिली.

"लिही," ते म्हणाले.