विंगेतलं स्टूल

बोलायच्या आधी ते तुमच्या दंडावर दोन बोटं टेकवायचे. तुम्ही वळून बघितलंत की मगच त्यांचे ओठ हलायचे. लालबागच्या गिरणीत ते माग चालवत. तिथल्या खडखडाटात हाक मारून काही उपयोग नसे, सगळे ओठांनी आणि हातांनीच बोलत. ती सवय गिरणीबाहेरही सुटली नव्हती.

आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. परळच्या आमच्या कामगार नाटक मंडळीचे ते प्रॉम्प्टर. मी गिरगावातला, परळच्या शाळेत चित्रकला शिकवायचो आणि मंडळीचे पडदे रंगवायचो. तुम्ही नाटकं पुष्कळ पाहिली असतील, पण प्रॉम्प्टर पाहिला नसेल. त्याने दिसायचं नसतं आणि नटाशिवाय कुणाला ऐकूही जायचं नसतं. नेमकी तिथेच पंचाईत झाली. मागांनी तात्यांचे कान खाल्ले होते, त्यामुळे स्वतःचा आवाज किती चढलाय ते त्यांना कळेनासं झालं. एका प्रयोगात मरणाऱ्या नायकाचं शेवटचं वाक्य नायकाच्या आधी पहिल्या चार रांगांनी ऐकलं. लोक हसले, आणि नायकही बिचारा हसू दाबतच मेला.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी तात्यांना आता विश्रांती घ्या म्हणून सांगितलं. तात्या "बरा" म्हणाले आणि विंगेतलं आपलं तीन पायांचं स्टूल उचलून घरी घेऊन गेले. मी तिथेच उभा होतो. एक शब्द बोललो नाही, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या वर्षी मंडळीचा रौप्यमहोत्सव आला. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते, रोज कुठे मोर्चा नाहीतर सभा. तरीही शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवायचं ठरलं. बैठकीत सेक्रेटरींचं म्हणणं, भिंतीवर फोटो लावू, टेबलावर ढाली मांडू, झालं. तात्या मागच्या बाकावरून उठून आले. माझ्या दंडावर बोटं टेकली.

"मास्तर, फोटो काय, लग्नातले पण असतत. लोकांका आत घेवया."

त्यांच्या डोक्यात सगळं तयार होतं. लोकांना मागच्या दाराने घ्यायचं. आधी रंगपटाची खोली, आरसे, रंगांचा वास. मग विंगेतला अंधार. मग एकदम रंगमंचावर, दिव्यांसमोर. तिथे प्रत्येकाने एक वाक्य म्हणायचं, विंगेतून मिळालेलं: मी आलोय, दार उघडा. विंगेत कोण बसणार, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. पण एवढं बोलताना ते विंगेत बसल्यासारखे पुढे वाकले होते आणि त्यांना काय हवंय ते मला कळलं. या खेपेला मी गप्प बसलो नाही. तात्या बसणार नसतील तर पडदे रंगवायला दुसरा कुणी बघा, असं मी सेक्रेटरींना सुनावलं. हे परत ओरडतील, अशी कुरकुर करत ते कसेबसे तयार झाले.

मग महिनाभर तात्यांनी माझा पार जीव खाल्ला. मी ब्रश घेऊन जरा मागे सरलो की दंडावर बोटं आलीच. "आदी हंय उभे रवा, मगे रंगवा." 'हंय' म्हणजे नट उभा राहतो तिथे. एक विंग मी तीनदा रंगवली.

उद्घाटनाला ते इस्त्रीचा सदरा घालून स्टुलावर बसले. पहिली आत आली ती साडीचा पदर घट्ट धरलेली एक गिरणीवाली बाई. दिव्यांनी तिचे डोळे दिपले, ती घाबरून विंगेकडे वळली. आता हे ओरडणार, असं मला वाटलं. तात्यांनी आवाजच काढला नाही. नुसते ओठ हलवले आणि दार ढकलल्यासारखा हात केला. बाई ताठ झाली आणि खणखणीत म्हणाली, "मी आलेय. दार उघडा."

मग आठही दिवस रांगच लागली. सभेहून आलेल्यांचे घसे घोषणा देऊन बसलेले, तरी वाक्य सगळ्यांनी म्हटलं. गिरणीतल्या कुणाचंच अडलं नाही. अडलं ते शेवटच्या दिवशी, सेक्रेटरींचं. ते हापिसातले. दिव्यात उभे राहून तात्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, पण एक अक्षर कळेना. शेवटी रांगेतल्या एका म्हाताऱ्याने त्यांना वाक्य सांगितलं. खाली उतरल्यावर त्यांनी तात्यांचा हात धरला आणि पुढच्या नाटकाला विंगेत या, असं अगदी मनापासून म्हणाले.

तात्यांनी मान हलवली. "नट ऐकतत. विंगेकडे बघतत खय? हे आठ दिवस बसलंय, ता पुरे."

राज्य झालं त्या वर्षी त्यांनी गिरणी सोडली आणि गावाला निघाले. स्टूल माझ्या हातात देऊन बोटीवर चढले. भोंगा वाजत होता. कठड्याशी उभे राहून ते माझ्याकडे बघत काहीतरी म्हणाले. इतकी वर्षं बरोबर काढली, पण मला मेल्याला ओठ वाचता आले नाहीत. धक्क्यावर माझ्या शेजारी कुणाला तरी पोचवायला आलेली एक बाई उभी होती, अगदी अनोळखी. तिने माझ्या दंडावर दोन बोटं टेकवली.

"स्टूल टाकू नका म्हणतायत," ती म्हणाली.

तात्या परत आले नाहीत. मंडळीचा नवा प्रॉम्प्टर खुर्चीवर बसतो. प्रयोग असला की मी ते स्टूल नेऊन त्याच्या शेजारी ठेवतो.