बारा शिशांचं गणित

चोपड्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी तेंदपाणी नावाचा पाडा आहे. तिथल्या दोन खोल्यांच्या शाळेची पुढची भिंत म्हणजे हुबेहूब रेल्वेचा फलाट. खिडक्यांभोवती डब्याचा निळा रंग आणि कोपऱ्यात पिवळ्या पाटीवर काळ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं गावाचं नाव. पाड्यातल्या बहुतेक पोरांनी आगगाडी पाहिलेली नव्हती, पण रोज सकाळी अकरा वाजता ती त्या गाडीत चढत.

ही गाडी हेमलताबाईंनी रंगवली, दिवाळीच्या दोन सुट्ट्या खर्चून. त्या भुसावळच्या. वडील लोटनराव, त्यांचे आबा, रेल्वेत कामाला. दिवसभर लोखंडाशी झगडायचे आणि गणपतीत कॉलनीच्या नाटकाला प्रॉम्प्टिंग करायचे. जन्मात कधी रंगमंचावर आले नाहीत, पण त्यांच्याशिवाय एक प्रवेश उभा राहायचा नाही. सहा वर्षांची हेमलता विंगेत त्यांच्या मांडीला टेकून बसायची. पावडरीचा, घामाचा, तापलेल्या दिव्यांचा तो वास! नट अडला की आबा फक्त त्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू शब्द सोडत, आणि तो थिजलेला माणूस पुन्हा जिवंत होई. एका वर्षी त्यांचा आवाज चुकून चढला आणि तिसऱ्या रांगेत हशा पिकला. नट बिचारा घामाघूम झाला. आबा दोन दिवस धड जेवले नाहीत. "हेमे, विंगेतलं विंगेतच राहिलं पाहिजे," एवढंच म्हणाले.

पुढे हेमलताबाई शिक्षिका झाल्या आणि तेच काम करू लागल्या. अडलेल्या पोराला शब्द द्यायचा. तेंदपाणीत त्यांना नववं वर्ष चालू होतं. पोरांची बोली पावरी, पुस्तकाची मराठी. बाई कागदावर लिहून-लिहून पावरी शिकल्या. त्यांचे उच्चार ऐकून पोरं पोट धरून हसत, आणि बाई त्यांना हसू देत.

तीन वर्षांपूर्वी धुळ्याच्या ललित पाटील नावाच्या शिक्षकानं फोनवर एक गट काढला होता. बाकीच्या गटांत सत्कार, हारतुरे, ढाली आणि फिती कापतानाचे फोटो. या गटाला एकच नियम होता: दर शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, आठवड्यात वर्गात आपलं काय चुकलं ते लिहायचं. कौतुक लिहायला बंदी. सुरुवातीला अकराजण होते. पुढे गटाचं पान झालं, ते सगळ्यांना खुलं झालं, आणि हजारो शिक्षक शनिवारची वाट पाहू लागले. त्यातही हेमलताबाईंची. बाई लिहायच्याच तशा. समोर वर्ग उभा राहायचा.

शाळेतले दुसरे शिक्षक गिरधर नाना. साक्री तालुक्यातले, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, बोली अहिराणी, जिभेला धार.

"बाई, बठ्ठी दुनियाले सांगाले काय गरज शे?" ते विचारायचे. "चुकी व्हयनी, फळा पुसी टाका."

"नाना, लिहिलं नाही तर तीच चूक पुन्हा होते."

"तुमनी लेखणी म्हंजे पंचनामा शे," नाना म्हणायचे आणि चहाचा पेला पुढं सरकवायचे.

चौथीच्या वर्गात सुनिता होती. नाल्यापलीकडच्या दिवल्या पावराची पोर. पहिलीपासून खिडकीपाशी बसायची, आणि चार वर्षांत तिच्या तोंडून 'हजर'पलीकडे शब्द निघाला नव्हता. बाईंनी गोष्टी सांगितल्या, गाणी म्हटली, तिला एकटीला बसवून विचारलं. सुनिता डोळे मोठे करून पाहायची आणि गप्प. प्रगतिपत्रकात दर वर्षी 'बोलत नाही' हा एकच शेरा पडत होता. चौथीनंतर पाचवीला आश्रमशाळेत जायचं. मुकी पोर तिथं चारशे पोरांत हरवेल आणि महिन्याभरात घरी पळून येईल, ही बाईंची धास्ती होती. तिला बोलतं करायला त्यांच्या हातात हे एकच वर्ष उरलं होतं, आणि तेही सरत आलं होतं.

मार्च महिना. मोहाची फुलं पडायला लागली होती. पहाटे टोपल्या घेऊन गेलेली पोरं शाळेत पेंगत होती, वर्गभर तो गोड, जड वास. बाई भागाकार शिकवत होत्या. साठ लाडू, पाच मुलं, प्रत्येकाला किती? वर्ग दगडासारखा. बाईंच्या मनात आलं, या पाड्यात साठ लाडू कुणी कधी वळले आहेत? त्यांनी फळा पुसला, जमिनीवर मांडी घातली आणि मोडक्या पावरीत विचारलं, "तुमच्या घरात काय मोजून भरतात?"

खिडकीपाशी हालचाल झाली.

"शिशा," सुनिता म्हणाली.

बाईंनी मान वळवली नाही. "किती शिशा?"

"एका डब्यात वीस. तीन डबे." सुनिता पाटी घेऊन उभी राहिली. "पाच घरांना द्यायच्या. एका घराला बारा." मग जरा थांबून, लग्नघरातल्या मोठ्या बाईसारखी म्हणाली, "फुटली तर अकरा."

सगळा वर्ग हसला आणि सुनिताही हसली. तिला पुढचे दोन दात नव्हते, हे बाईंना त्या दिवशी कळलं.

पाड्यात मोहाची दारू काढतात आणि शिशांत, म्हणजे बाटल्यांत भरतात. देवाला लागते, लग्नाला लागते, मयताला लागते, आणि थोडी विकलीही जाते. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही. सुनिता बोलली, कारण बाईंनी वर्गाच्या भिंतीवर लिहून ठेवलं होतं: इथे घाबरायचं नाही, खरं बोलायचं.

शनिवारी बाईंनी लिहिलं. चार वर्षं मी या मुलीला लाडवांत मोजत होते, चूक माझी होती. तिचं गणित तिच्या घरात पिकत होतं. शिशा, डबे, पाच घरं, सगळं जसंच्या तसं लिहिलं. मुलीचं नाव लिहिलं नाही, पण हात लिहिता होता, मन भरलेलं होतं. 'नाल्यापलीकडं, जुन्या आंब्याखालच्या घरातली' असं लिहून गेल्या. त्या दिवशी शाळेच्या पुढच्या भिंतीपाशी काढलेला फोटोही टाकला. त्यात सुनिताचा चेहरा पाटीआड होता, हे त्यांनी दोनदा तपासलं. मागच्या पिवळ्या पाटीवरची गावाच्या नावाची अर्धी अक्षरं मात्र त्यांना दिसली नाहीत. आपण रंगवलेली भिंत माणसाला कुठं दिसते?

लेख वाऱ्यासारखा गेला. रविवारी नंदुरबारहून, नांदेडहून, कोकणातून निरोप आले. कुणी लिहिलं, डोळ्यांत पाणी आलं. सोमवारी कुणीतरी तोच फोटो दुसरीकडे चिकटवला आणि वर लिहिलं, शाळेत दारूचे धडे. बुधवारी सकाळी तेंदपाणीत पोलिसांची गाडी आली.

गाडीला रस्ता विचारावा लागला नाही. नाला ओलांडला, आंब्याखाली थांबली. तीन डबे सापडले. दिवल्याला नेलं. त्याची बायको बिजलीबाई दारात उभी होती, सुनिता तिच्या लुगड्यामागं. गाडीतल्या साहेबांच्या हातात फोन होता, त्यावर पाटीचा फोटो. साहेबांनी फोटो पाहिला, मग पोरीकडे पाहिलं. सुनितानंही तो फोटो पाहिला.

दुपारी साहेब शाळेत आले. माणूस तसा नम्र होता, खुर्ची दिल्यावरच बसला.

"बाई, छान लिहिता तुम्ही. आमच्या घरी मिसेसनं वाचून दाखवलं. एवढंच सांगा, ती पाच घरं कोणती?"

गिरधर नानांच्या हातातला चहाचा पेला तसाच राहिला. खिडकीतून चौथीची पोरं पाहत होती. त्या पाच घरांतली दोन घरं त्या खिडकीतच उभी होती.

हेमलताबाईंना कधी खोटं लिहिता आलं नव्हतं. पटसंख्या वाढवून दाखवायला सांगितलं होतं तेव्हाही त्यांनी नकार दिला होता, आणि त्याची शिक्षा म्हणून या पाड्यावर आल्या होत्या.

"कुठली घरं?" त्या म्हणाल्या. "मी रचलं ते."

"म्हणजे?"

"गोष्ट रचली. लोकांना आवडतात अशा गोष्टी. मुलगी नाही, घरं नाहीत. असं काही घडलंच नाही."

"मग तीन डबे सापडले ते?"

"योगायोग असेल."

साहेबांनी कोरा कागद पुढं केला. "लिहून द्याल?"

बाईंनी लिहून दिलं. सदर लेखन पूर्णतः काल्पनिक असून, अशी सुरुवात केली आणि खाली सही केली. केंद्रप्रमुखांनी खुलासा मागितला, तेव्हा तेच पुन्हा लिहिलं. पानावरही तेच टाकावं लागलं, नाहीतर कागदावरच्या खुलाशाला कोण विचारतं? पाच घरांपर्यंत गाडी पोचली नाही. दिवल्याला त्याचा काही उपयोग झाला नाही. डबे त्याच्याच घरात मिळाले होते. अकरा दिवसांनी तो सुटून आला, आणि चोपड्याच्या कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या.

ललितचा फोन आला. "ताई, मला एकट्याला सांगा. ती मुलगी आहे ना?"

ललित चांगला माणूस होता. पण चांगल्या माणसांनीच तर तो लेख पुढं पाठवला होता.

"नाही," त्या म्हणाल्या.

"आधीची तीन वर्षं? ती सगळी मुलं? बादल, ज्याला चित्रातून वाचता यायला लागलं?"

"तीही रचलेली."

"ताई, नवीन पोरं तुमचं वाचून वर्गात उभी राहायला शिकली हो." त्याचा आवाज फाटला. "आता त्यांना काय सांगू?"

संध्याकाळपर्यंत त्यांचं नाव पानावरून गेलं. खाली चारशेंवर शेरे होते: ढोंगी, प्रसिद्धीला हपापलेली. जळगावच्या एका बाईंनी लिहिलं होतं, यांच्यामुळे खऱ्या शिक्षकांवरचा विश्वास उडतो. हेमलताबाईंनी ते सगळे वाचले, एकही न चुकवता, वह्या तपासाव्यात तसे.

"आते तरी समजनं?" गिरधर नाना म्हणाले. मग लगेच मान खाली घातली. "बाई, तुम्ही नही ऱ्हातात ते मी त्या साहेबले घरं सांगी टाकतू. भ्याव वाटत व्हतं. तुम्हीन वाचाडं." त्या दिवसानंतर नानांनी त्यांना कधी टोमणा मारला नाही. बाईंना ते टोमण्यापेक्षा जड गेलं.

सुनिता शाळेत आली नाही. आठ दिवस वाट पाहून बाई नाला उतरून गेल्या. आंब्याखाली बिजलीबाई मोहाची फुलं उन्हात पसरत होती. तिनं बसायला सांगितलं नाही, जायलाही सांगितलं नाही.

"सुनिता कुठं आहे?"

"मामाकडं. गुजरातेत. कापसाच्या गिरणीवर."

"बिजलीबाई, परीक्षा आहे तिची. मी घेऊन येते. पाचवीला मी स्वतः सोडते तिला आश्रमशाळेत."

"तिला वाटतं, तिनं बापाला धरून दिलं." बिजलीबाईचा हात फुलांवरून फिरत होता. "तुमीच सांगलं ना, शाळेत खरं बोलायचं? ती बोलली. आता घरीबी बोलत नाय. जेव म्हटलं तर जेवते. ऊठ म्हटलं तर उठते."

"चूक माझी आहे. मी तिला सांगते तसं."

"काय सांगशाल?" बिजलीबाईनं पहिल्यांदा वर पाहिलं. "कागदावर तर लिहिलं तुमी, अशी पोरगीच नाय."

विंगेत बाईंना शब्द पुरवणारं कुणी नव्हतं. त्या टोपली उचलून, वाकून चार फुलं पसरवू लागल्या. बिजलीबाईनं त्यांच्या हातातली टोपली काढून घेतली. रागानं नाही, अगदी हलकेच, परक्या माणसाला घरचं काम करू देत नाहीत तशी.

मे महिन्यात बाईंनी पिवळी पाटी पांढऱ्या रंगानं झाकली. तीन हात दिले, तरी काळी अक्षरं खालून दिसतच राहिली.

जूनमध्ये शाळा भरली. पहिलीत सात नवी पोरं आली. चौथी आता पाचवीला गेली होती, आणि तिसरीची पोरं चौथीच्या जागी सरकून बसली होती. खिडकीपाशी कुणी बसलं नव्हतं. नऊ वर्षांच्या सवयीनं बाईंच्या तोंडून गेलं, "सुट्टीत घरी काय काय केलं?"

"काय नाय," पहिल्या रांगेतला एक म्हणाला.

"काय नाय," त्याच्या शेजारची म्हणाली.

"काय नाय, बाई."

पोरं मोठी सभ्य झाली होती. एकेक उठून तेच दोन शब्द म्हणत होती आणि बसत होती.

शेवटी पहिलीतली दिपमाला उभी राहिली. पाच वर्षांची, डोक्याला चपचपीत तेल. या पाड्यात काय घडलं होतं ते तिला माहीत नव्हतं. शाळा म्हणजे सांगायची जागा, एवढंच तिला कुणीतरी सांगितलं असावं. ती उत्साहानं म्हणाली, "बाई, माझ्या घरी ना, माझा बा ना..."

मागच्या पोरीनं तिचा फ्रॉक ओढला. सगळा वर्ग बाईंकडे पाहू लागला.

हेमलताबाई पुढं आल्या, तिच्यासमोर खाली बसल्या आणि तिच्या ओठांवर अलगद बोट ठेवलं.

"नको सांगू, बेटा," त्या पावरीत म्हणाल्या. त्यांचे उच्चार आता बिनचूक झाले होते. वर्गात कुणी हसलं नाही.

मग त्या उठल्या आणि फळ्यावर लिहू लागल्या, साठ लाडू, पाच मुलं.