पाच गोळ्यांची बंदूक

म्हसळ्याच्या बाजारात टीव्ही दुरुस्त करणारे ते गृहस्थ ओठांत स्क्रू धरून बोलतात आणि जगातली प्रत्येक वस्तू जुन्या व्हिडिओ गेममधल्या बंदुकांनी मोजतात. उत्तम पक्कड म्हणजे ‘पाच गोळ्यांची’, कारण ती बंदूक एका दाबात पंख्यासारख्या पाच गोळ्या सोडते. आगीची बंदूक त्यांच्या लेखी दिवाळीतला भुईनळा. “बघायला बरी, मरत कोण न्हाय.” गिऱ्हाइकाबरोबर खेळतानाही पडद्यावर पाच गोळ्यांची बंदूक उडत आली, की त्याला कोपराने ढकलून ते ती आधी मिळवतात.

माझा मोठा भाऊ, दादा, वारल्यानंतर त्याचा बंद पडलेला गेम मी त्यांच्याकडे नेला. सवयीने कॅसेटमध्ये फुंकर मारायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला. “फुंकू नका सर, गंज चढतो.”

चार दिवसांनी गेम सुरू झाला, पण मला एकट्याने खेळवेना. त्यांनी दुसरा, दादाचा रिमोट घेतला.

थोड्या वेळाने ती बंदूक उडत आली. मी थांबलो, कारण ती नेहमी दादाची असे. तेही थांबले, कोपर अंगाशी घट्ट धरून.

“घ्या की सर, तुमची हाय.”

मी त्यांच्याकडे बघेपर्यंत बंदूक पडद्याबाहेर निघून गेली आणि लगेच आम्ही दोघेही मेलो.

त्यांनी ओठांतला स्क्रू काढला. “येवढी सभ्यता बरी न्हाय. चला, पहिल्यापासून.”

या खेपेला मी त्यांना कोपर मारला.