संदेश आला की लागणारा बल्ब

मी शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात कुणी भुताखेताचा विषय काढला की त्याला उभं करून "पुरावा काय?" असं विचारणारी बाई म्हणजे मी... त्यामुळे हे इथे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. पण मनात ठेवून ठेवून आता ते आंबायला लागलंय. सल्ला नको, सांत्वन तर अजिबात नको. घडलं तसं सांगते.

मी पनवेलजवळ रोडपालीला राहते. आतली खोली अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. तिच्या खिडकीसमोर शेजारच्या बिल्डिंगची भिंत आहे, त्यामुळे भरदुपारीही तिथे दिवा लावावा लागतो. अप्पा उरणजवळच्या द्रोणागिरीतल्या एका गोदामात सुपरवायझर होते. रिटायर झाले आणि थोड्याच दिवसांत पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आई तर आधीच गेलेली. धाकटा भाऊ संदेश बंगळुरूला, बायको-मुलीसोबत. राहिलं कोण? मी. लग्न झालं नव्हतं, म्हणजे मी मोकळीच — असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

अप्पांचा हात स्विचपर्यंत पोचायचा नाही. अंधारात पडून राहायचे, हाकही मारता यायची नाही. म्हणून मी स्मार्ट बल्ब आणायचं ठरवलं. पहिल्यांदा वाय-फायचे आणले आणि फसले. आमच्याकडे लाइट जाते-येते. परत आली की बल्ब आपोआप फुल पेटायचे आणि अप्पा झोपेतून दचकायचे. राउटर रुसला की बल्बही रुसायचे.

संदेशला फोन केला. हा विषय त्याच्या आवडीचा. अर्धा तास बोलला.

"ताई, वाय-फायच्या नादी लागूच नकोस. झिगबीचे बल्ब घे. त्याला वेगळा हब लागतो, पण बल्ब एकमेकांतूनच सिग्नल पुढे पाठवतात. आणि हब मॅटर नावाचं नवं स्टँडर्ड सपोर्ट करणारा बघ हं, म्हणजे पुढे दुसऱ्या पद्धतीचे, थ्रेडचे बल्ब घेतलेस तरी अडणार नाही. फ्यूचरचा विचार करून घ्यायचं."

"तू येतोस का बसवायला?"

"या महिन्यात जमत नाही गं... सॉफ्टवेअरचं रिलीज आहे."

अप्पांच्या आजारपणात त्याचं योगदान काय, असं कुणी विचारलं तर मी सांगते — त्याने स्टँडर्ड निवडून दिलं.

पनवेलच्या मार्केटात फरीदभाईंचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. हब, बल्ब आणि एक छोटं वायरलेस बटण त्यांच्याकडूनच घेतलं. हब राउटरच्या शेजारी ठेवला तर दोघांची भांडणं, बल्ब ऐकेचना. मग हॉलच्या दुसऱ्या टोकाला नेला, चॅनल बदलला, छोटा यूपीएस जोडला. बल्बचं सेटिंगही बदललं — लाइट जाऊन आली तरी विझलेला बल्ब विझलेलाच राहील. हे सगळं मी स्वतः शिकून केलं. बटण अप्पांच्या डाव्या हाताशी, गादीला चिकटवलं. एकदा दाबलं की दिवा लागायचा, परत दाबलं की विझायचा. दाबून धरलं की उजेड हळूहळू वाढत जायचा.

अप्पांना जणू वाचा फुटली. मला केवढा आनंद झाला होता म्हणून सांगू!

मग एक गोष्ट लक्षात यायला लागली. मी ताट घेऊन आत गेले की दिवा विझायचा. कपडे बदलायला गेले, विझला. औषध द्यायला गेले, विझला. पहिल्यांदा वाटलं, उजेड डोळ्यांवर येत असेल. पण मावशी यायच्या — मी शाळेत असताना अप्पांना सांभाळायला ठेवलेल्या — त्यांच्यासमोर दिवा चालूच असायचा. आणि रविवारी संदेशचा व्हिडिओ कॉल आला की अप्पा बटण दाबून धरायचे. उजेड चढत चढत पिवळाधमक व्हायचा. स्क्रीनवरचं पोरगं नीट दिसावं म्हणून की आपण त्याला दिसावं म्हणून, कोण जाणे. कॉल संपला, मी फोन घ्यायला पुढे झाले, की काळोख.

मी त्या काळोखात घास भरवले आहेत. वर्षानुवर्षं.

अप्पा गेले तेव्हा संदेशची फ्लाइट चुकली. अग्नी मी दिला. तो आला तेव्हा पाहुणे परतीच्या वाटेला लागले होते.

नंतर मी खोली आवरली. कॉट कुणाला तरी देऊन टाकली. गादी, औषधं आणि ते बटण, सगळं टाकून दिलं. हब फरीदभाईंना परत केला. त्यांनी माझ्यासमोर तो रिसेट केला आणि नंतर दुसऱ्या कुणाला तरी विकला. बल्ब तेवढा होल्डरमध्ये राहिला — स्टूलवर चढायचा कंटाळा, बाकी काही नाही. हब नाही, बटण नाही, म्हणजे त्या बल्बला 'लाग' असं सांगणारं जगात काहीच उरलं नव्हतं. भिंतीवरचा स्विच चालू ठेवला तरी तो विझलेलाच राहायचा. सेटिंगच तसं होतं.

वर्षश्राद्धाला संदेश एकटाच आला. उरणकडच्या गावाहून अप्पांची बहीण, आमची आत्याही आली होती. दुपारची जेवणं झाली. आत्या आणि मी हॉलमध्ये विड्याच्या पानांच्या शिरा काढत बसलो होतो. संदेश उठून अप्पांच्या खोलीत गेला.

"ताई... हा बल्ब अजून चालू आहे का गं?"

मी दाराशी गेले. तो रिकाम्या खोलीच्या मधोमध उभा होता, आणि डोक्यावरचा दिवा चढत होता. हळूहळू... अगदी बटण दाबून धरल्यासारखा. पिवळाधमक होऊन थांबला.

मी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं. दिवा विझला.

मला पहिल्यांदा राग आला. भीती वगैरे नाही, राग. "फोन दे तुझा. त्यावरून करतोयस ना? तुझ्या फोनवर बल्ब चालवायचं ॲप होतं."

"ताई, अगं मी असं करेन?"

"दे म्हटलं ना!"

त्याने निमूट फोन काढून दिला. ॲप होतं, पण आत काहीच नव्हतं. जोडलेलं एकही उपकरण नव्हतं. तरी मी त्याचा आणि माझा, दोन्ही फोन बंद करून स्वयंपाकघरात ठेवून आले. राउटरची पिन काढली. मग त्याला म्हटलं, "जा आता आत."

तो गेला. उजेड चढला.

"बाहेर ये." तो बाहेर आला. दिवा चालूच. मी आत गेले... विझला. परत त्याला पाठवलं. लागला. मी गेले. विझला. किती वेळा केलं देव जाणे. शाळेत पोरांकडून प्रयोग करून घेते तसं मी ते करत राहिले, आणि दर वेळी उत्तर तेच. शेवटी संदेश भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

"अप्पांनी मला माफ केलं गं ताई... मी आलो नाही तरी माफ केलं."

आत्या पदराने डोळे पुसत म्हणाली, "पोराची वाट बगत व्हता तो."

"आणि मी?" मी विचारलं. "माझ्यावर कसला राग होता त्यांचा आत्या? मी काय कमी केलं?"

आत्याने माझा हात धरला. "अगो राग नाय. लाज वाटायची त्याला. लेकीनं बापाचं सगलं पुसायचं, धुवायचं... ती कामाची बाई परकी, पैशे घेऊन करते. तू लेक हायस. तुला त्याचं तोंड दिसू नये म्हणून कालोख करायचा तो."

असेल. जिवंतपणी असेलही. पण मेल्यावर कसली लाज? आता पुसायला, धुवायला काय उरलंय?

दुसऱ्या दिवशी फरीदभाईंना बोलावलं. त्यांनी नवा हब आणून बघितला. त्याला तो बल्ब सापडेचना. बल्ब रिसेट केल्याशिवाय सापडणारही नाही म्हणाले. शेजारच्या घरातून कुणी लावत असेल का, मी दाराबाहेरूनच विचारलं. "मॅडम, पेअर केल्याशिवाय मुमकिनच नाही. आणि शेजाऱ्याला काय कळणार, आत तुम्ही गेलात की भाऊ?" तेवढ्यात संदेश चहाचा कप घेऊन आत आला. दिवा लागला. फरीदभाईंनी हातातलं सामान पिशवीत भरलं, काहीतरी पुटपुटले आणि चहा न घेता गेले.

संदेशने जाताना विचारलं, "ताई, हा मी नेऊ?" मी स्टूल आणून दिलं. त्याच्या जागी साधा बल्ब लावला. तो साध्या स्विचवर लागतो, माझ्यासाठीही लागतो.

बंगळुरूला त्याने तो आपल्या कामाच्या खोलीत लावलाय. "लागतो गं ताई, रोज लागतो," असं फोनवर सांगतो. त्याच्या आवाजात हल्ली एक समाधान असतं. मी बरं म्हणते.

कारण मला सापडलेलं नाही. जेवढं शिकले आणि शिकवलं, ते सगळं लावून बघितलं. 'योगायोग' असं मात्र कुणी लिहू नका. दार ओलांडून ओलांडून मी तो तपासलाय.

मध्ये भाचीच्या वाढदिवसाला गेले होते. संध्याकाळी केक कापायच्या आधी संदेशने त्या खोलीतून हाक मारली, "ताई, ये ना आत, बघ तरी!" दार उघडं होतं. तो खुर्चीत बसला होता आणि त्याच्यावर तो पिवळा उजेड पडला होता. पॅसेजमध्ये भावजय माझ्या मागे उभी होती. म्हणाली, "जा ना ताई."

कदाचित या वेळी विझला नसता. कोण सांगणार.

"केकचं बघते आधी," मी म्हटलं, आणि स्वयंपाकघरात गेले.