नाकवाली

नासपतीची दारू गाळताना पहिली धार फेकून द्यावी लागते. तिला झोंबरा वास येतो, पोटात गेली तर माणूस आडवा होतो. तो वास विरून फळाचा गोड वास सुरू झाला की डबा बदलायचा. काम एवढंच, पण ते नाकाचं. आणि त्या घरात तसं नाक एकट्या धाकटीला होतं. थोरल्या भावाला गोठ्याचासुद्धा वास येत नसे, म्हणून तो खुशाल शहरात निघून गेला. धाकटी मात्र विसाव्या वर्षी भट्टीपुढच्या स्टुलावर बसली, ती छत्तिशी आली तरी उठली नाही. गावात सगळे तिला नाकवाली म्हणत. अगदी कौतुकानं हं! त्या कौतुकानं तिच्या नाकी नऊ आले होते.

बंदरावरच्या मैत्रिणीनं निरोप धाडला होता, "शिवणकामाच्या दुकानात भागीदार हो. सोमवारपर्यंत आलीस तर ठीक, नाहीतर मी दुसरी बघते." धाकटीनं नुकत्याच झालेल्या सर्दीचा आधार घेतला.

"बाबा, सर्दी गेली, पण वासही गेला बघा."

बाबा गाईंना चोथा घालत होते. "असू दे. मी बघतो," एवढंच म्हणाले. धाकटीला वाटलं, सुटले एकदाची!

सोमवारी सकाळी पिशवी घेऊन ती निरोप घ्यायला भट्टीच्या दाराशी आली. बाबा स्टुलावर होते. त्यांनी धारेला बोट लावलं, नाकाशी नेलं, मान डोलावली आणि चांगला डबा पुढे ओढला. दाराशी तो झोंबरा वास धाकटीच्या डोळ्यांपर्यंत पोचला होता.

"बाबा, थांबा! अजून नाही!"

बाबांचा हात थांबला. ते वळले, पण चकित झाले नाहीत.

"काल दूध करपलं तेव्हा मागच्या अंगणातून तूच आधी धावलीस," ते म्हणाले.

"मग गप्प का बसलात?"

"काय बोलणार? तुला जायचं होतं. म्हटलं, मला जमतंय का बघू." त्यांनी डबा मागे सारला. "माझं नाक सोळा वर्षांपूर्वीच गेलं गं. म्हणून तर तुला बसवलं."

ते उठले आणि स्टूल रिकामं झालं. धाकटीला राग आला. बाबांचा नाही, स्वतःच्या नाकाचा. घाटावर बंदराकडे जाणाऱ्या बसचा हॉर्न वाजला. तिनं पिशवी भिंतीशी ठेवली, स्टुलावर बसली आणि धारेला बोट लावलं.

बस पुलापलीकडे गेली, तेव्हा तिनं डबा बदलला. अगदी बरोबर वेळेवर.